आपलीं माणसें कोणाचीं?

‘समूह हेंच माणसाचें मोठें कुटुंब, जो आपल्या जातीचा वा पंथाचा झाला नाहीं, तो घरच्यांचा तरी काय होणार?’ असा युक्तिवाद सुशिक्षितांच्याही तोंडून वारंवार ऐकूं येतो. तो कानास गोड लागला तरी मुळांतच खोटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

समूहाचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. ज्ञातिसंस्थांनीं वसतिगृहें काढिलीं, गरीब विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, हें सर्वश्रुत आहे. परंतु उपकार निराळा व आपलेपण निराळें. एक सभासद गेला तर त्याच्या जागीं दुसरा घेतां येतो. मित्राची किंवा सहचरीची जागा तशी भरून निघत नाहीं.

मग समूहाची सत्ता चालते तरी कशाच्या जोरावर? पंचहौद मिशनचें प्रकरण पाहावें. १८९० सालीं पुण्यांत त्या मिशनमध्यें जमलेल्या मंडळींस चहा देण्यांत आला. उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतांच ग्रामण्य माजलें, आणि तें शंकराचार्यांपर्यंत गेलें. वाद पेलाभर चहाचा. पण ग्रामण्याची रीतच अशी कीं, घाव अपराध्यावर न पडतां त्याच्या घरावर पडावा. धर्मकृत्यास भटजी मिळूं नये, मुलीची सोयरीक अडावी, सासरीं गेलेल्या लेकीस माहेर बंद व्हावें! न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें प्रायश्चित्त घेतलें, तें चहा हें पाप वाटलें म्हणून नव्हे, तर स्नेह्यांची कुचंबणा पाहवेना म्हणून. याबद्दल सुधारकांनींच त्यांस बोल लाविला. आम्ही तो लावणार नाहीं. ज्या समूहानें स्नेहाकडून असा दंड वसूल केला, त्यालाच आम्ही दोषी धरतों.

या प्रकरणाचा खरा बोध हाच कीं, समूहाला स्वतःचें बळ नसतें. असतें तर बापाच्या मनांतील मुलीची माया त्याला शस्त्र म्हणून उसनी घ्यावी लागती ना. आप्तसंबंध समूहामुळें उभे नाहींत. समूहच त्यांच्या जिवावर उभा आहे.

‘हें सारें जुनें झालें’ असें कोणी म्हणेल. पण मुंबई प्रांतानें १९४९ सालीं केलेला बहिष्कार-प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं, धर्मपंथांच्या स्वातंत्र्यास बाधक म्हणून, रद्द ठरविला. आणि महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करावा लागला. चहाच्या त्या पेल्यास तोंवर सव्वाशें वर्षें उलटून गेलीं होतीं! रोग गेला असता, तर औषधाची गरज कां भासली असती?

म्हणून वाचकांनीं कोणत्याही समूहाची पारख एकाच कसोटीवर करावी: त्याला सोडून गेलेल्या माणसाशीं स्नेह व सोयरीक ठेवण्याची मोकळीक तो देतो कीं नाहीं? जो देतो, त्याच्यांत खुशाल राहावें. जो देत नाहीं, त्यानें स्वतःस कुटुंब म्हणवूं नये. कुटुंबें ओलीस धरणाऱ्यांस भाषेंत दुसरीं नांवें आहेत.