खादाड घराणं, उपाशी घराणं

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पॉल सीगल या शास्त्रज्ञानं १९५७ साली एक प्रयोग सुरू केला. कोंबडीची पिल्लं ५६ दिवसांची झाली की वजन करायचं. जड पिल्लांचं एक घराणं, हलक्यांचं दुसरं. दरवर्षी हेच! खाद्य मात्र दोघांना एकच.

चाळीस पिढ्यांनंतर वजनात जवळजवळ नऊपट फरक पडला. जड कोंबड्यांना पुढे मोजूनच दाणे द्यावे लागतात, नाहीतर नुसती चरबी साठते. हलक्यांतली काही पिल्लं समोर दाणे असूनही चोच लावत नाहीत आणि बिचारी मरतात. हट्टी म्हणू नका त्यांना, भूकच लागत नाही!

मग दोन्ही घराण्यांचा संकर करून जनुकं तपासली. लठ्ठपणाचं असं एकच जनुक सापडलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हातभार. काहींचा जोर तर दुसऱ्याची साथ मिळाली तरच दिसतो, बरं का!