रूळ थांबले, वाट राखा

मुक्काम भिलाई. रेल्वेचे रूळ इथल्या पोलाद कारखान्यात तयार होतात. मला मात्र रेल्वे बंद पडल्यावर मागे उरणाऱ्या जमिनीबद्दल लिहायचे आहे.

शेजारच्या रायपुरात १९०० साली सुरू झालेल्या धमतरी नॅरोगेजच्या शहरी पट्ट्यावर एक्स्प्रेस-वे झाला. मोटारींची सोय झाली. पायी फिरायला किंवा पोराला सायकल शिकवायला ती जागा नव्हे.

आपल्या विदर्भात पुलगाव-आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज बंद पडून वर्षे लोटली. पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरी केलेल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल. तिथे ब्रॉडगेजची मागणी आहे आणि ती रास्तच आहे. पण तोवर त्या पट्ट्यावर पायवाट आणि सायकलवाट का नको? आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून असा मार्ग सौम्य असतो. लहान पोरे आणि गुडघे धरलेले माजी सैनिक एकत्र फिरू शकतील.

अमेरिकेत १९८३ पासून कायद्यातच सोय आहे: बंद मार्गावर वाट करा, उद्या रेल्वे हवी झाली तर जमीन तयार. ताब्यातली जमीन गस्तीविना सोडली की ती हातची जाते, हे फौजीला सांगायला नको. रोजची वर्दळ हीच तिची गस्त.

पुलगाव-आर्वीच्या माजी सैनिकांनी ग्रामपंचायतींना सोबत घेऊन ही मागणी खासदारांपर्यंत न्यावी.