चेहऱ्यामागची जमीन

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ मध्ये, कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली तेव्हा. मंत्री, अधिकारी, पत्रकार सगळे तिकडे धावले. पुढे जव्हार-मोखाडा म्हटलं की फासळ्या मोजता येतील असं मूल, हेच चित्र डोळ्यांपुढे यायला लागलं. चित्र खोटं नव्हतं. पण त्या मुलामागचा डोंगर, वरकस जमिनीतली नाचणी-वरई, दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरणारी कुटुंबं यातलं काहीच चौकटीत मावलं नाही.

माणसाला त्याच्या जागेवरून उचलून दाखवायची खोड जुनीच. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातल्या कित्येक छायाचित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला आहे. माणूस नमुना, निसर्ग पडदा!

हौशी छायाचित्रकार आजही वेगळं काय करतात? पावसाळ्यात जव्हारला यायचं, सुरकुतलेला चेहरा गाठायचा, मागचं सगळं धूसर करायचं आणि रंग काढून टाकायचे. रंगांबरोबर प्लास्टिकच्या हंड्याचा निळा जातो, नायलॉनच्या साडीचा गुलाबी जातो, आणि टँकरची वाट बघत उभी असलेली बाई एकदम ‘आदिम’ दिसायला लागते. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. या बाईचं निसर्गाशी नातं सांगायचं तर ते इथून सुरू होतं.

म्हणून कृष्णधवल छायाचित्रण टाकाऊ ठरत नाही. ते किती बोलकं होऊ शकतं, हे याच जिल्ह्यातल्या गंजाडने दाखवलंय. छायाचित्रकार गौरी गिल २०१३ मध्ये डहाणू तालुक्यातल्या या गावी आल्या आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना शिवार दाखवत, कुठे काय घडलं ते सांगत. गिल यांनी त्यांना त्याच जागी उभं करून कृष्णधवल छायाचित्रं घेतली. पण ऐकलेलं बरंच काही त्यात उतरलंच नव्हतं. मग वांगड यांनी त्या छायाचित्रांवरच रेखाटलं: देव, पशुपक्षी, झाडं, पूर्वजांच्या कहाण्या, आणि विकासाच्या नावाखाली झालेली मोडतोडही. मोकळं दिसणारं माळरान बारीक रेघांनी गच्च भरलं. ‘फील्ड्स ऑफ साइट’ या मालिकेवर दोघांचंही नाव आहे, आणि हीच त्यातली खरी मोठी गोष्ट.

वारली चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण. त्याला वेगळा चेहरा नसतो. झाड मात्र पानापानांनिशी येतं, बऱ्याचदा माणसाहून कितीतरी मोठं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढ्यावर हे सगळं जग उभं राहतं. कमी रंगांत निसर्ग दाखवायचं कसब या मुलखाला कॅमेऱ्याने शिकवायला नको.

जव्हारमध्येही गिल यांनी २०१५ पासून बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवासाठी मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांबरोबर काम केलं. ती छायाचित्रं रंगीत आहेत आणि ते योग्यच झालं; मुखवट्यांचा भडकपणा करड्यात कोण बघणार? मुखवटे मात्र नेहमीच्या देवदेवतांचे नाहीत. रोजच्या माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे कारागिरांनी नव्याने घडवले आणि गावकरी ते घालून आपल्याच घरादारात उभे राहिले.

सगळ्यांनाच गिल यांच्यासारखं वर्षानुवर्षं काम करायला जमणार नाही, हे मान्य. पण वांगणीकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने निदान समोरच्याला विचारून फोटो घ्यावा, कुठे उभं राहायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. त्याची हरकत नसेल तर फोटोखाली त्याचं नाव, पाड्याचं नाव, साल आणि शेतातलं पीक लिहावं. आणि प्रदर्शन भरवण्याआधी एक छापील प्रत त्याच्या घरी पोचती करावी.