रस्ता कोणाचा?

पुण्याचा लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद करून पायीं चालणाऱ्यांस मोकळा करावा कीं नाहीं, हा वाद तेथील दुकानदार आणि महानगरपालिका यांच्यामधील असून वरवंडसारख्या गांवच्या लोकांस त्याच्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं, असा समज आमच्या तालुक्यांतील पुष्कळ शहाण्यासुरत्या मंडळींचा आहे. हा समज चुकीचा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें मत कां झालें याचा खुलासा करण्यासाठींच आज आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे.

श्रीतुकाराम महाराजांची पालखी दरसाल देहूहून निघते व पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावरून जाऊन नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाच्या देवळांत उतरते. तेथील मुक्काम आटोपला म्हणजे लोणी काळभोर व यवत हे मुक्काम करून ती वरवंडास येते. म्हणजे असें कीं, जो लक्ष्मी रस्ता आणि जो पुणें-सोलापूर महामार्ग एरवीं म्हाताऱ्याकोताऱ्यांस जीव मुठींत धरून ओलांडावा लागतो, तेच दोन रस्ते त्या दिवसांत चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. वाहतूक दुसरीकडे वळविली जाते, पोलीस उन्हापावसांत उभे राहतात, आणि इतर दिवशीं गिऱ्हाइकाची मोटार दारांत न आल्यास धंदा बुडेल असें म्हणणारे व्यापारीच वारकऱ्यांस पाणी व फराळ देण्यासाठीं दुकानाबाहेर मांडव घालतात. अनंत चतुर्दशीस गणपतीच्या मिरवणुकीसाठीं हाच लक्ष्मी रस्ता एक रात्र आणि त्याहूनहि अधिक काळ वाहनांस बंद असतो. एवढें होऊनहि पुणें शहर ठिकाणावर राहतें. तेव्हां रस्ता चालणाऱ्यांस देणें अशक्य आहे, हें म्हणणें आमच्याच अनुभवानें खोटें पडलें आहे. शक्य तें आहेच. मात्र आपण तें देवासाठीं करितों, माणसासाठीं करीत नाहीं, इतकाच काय तो भेद.

ता. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेनें 'पादचारी दिन' पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा भाग दिवसभर वाहनांस बंद ठेविला. पुढच्या वर्षींहि ११ डिसेंबरास हा दिवस पाळण्यांत आला. त्या दिवशीं मुलें रस्त्यावर खेळलीं, लोक बांकांवर बसले, ज्यांनीं आयुष्यांत कधीं त्या रस्त्याच्या मध्यावर पाऊल टाकलें नव्हतें त्यांनीं तें निर्धास्तपणें टाकलें. ही गोष्ट अभिनंदनीय खरीच. परंतु वर्षाच्या ३६५ दिवसांपैकीं एक दिवस चालणाऱ्याचा उत्सव करावयाचा आणि उरलेले ३६४ दिवस त्यास गटाराच्या झांकणांवरून व दुचाक्यांच्या रांगांमधून वाट काढावयास लावावयाचें, हें बैलपोळ्यासारखेंच झालें! पोळ्याच्या दिवशीं बैलास पुरणपोळी मिळते; दुसऱ्या दिवशीं जूं मानेवर आहेच. महानगरपालिकेनें २०१६ सालींच पादचाऱ्यांविषयींचें धोरण मंजूर केलें आहे. कागदावर जें धोरण इतकीं वर्षें आहे, तें रस्त्यावर उतरावयास आणखी किती उत्सव व्हावे लागतील, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्यास आहे.

कायद्याची बाजू काय आहे तें आतां पाहूं. सार्वजनिक रस्ता हा जाण्यायेण्यासाठीं आहे, हें तत्त्व जुनें आहे. परंतु जाणारा म्हणजे वाहनांत बसून जाणारा, असा त्याचा अर्थ व्यवहारांत कधीं होऊन बसला तें कोणासच कळलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ता. १४ मे २०२५ रोजीं हा गैरसमज दूर केला. पदपथाचा निर्वेध उपयोग करण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें त्या न्यायालयानें सांगितलें आहे. म्हणजे पदपथ मागणें ही आतां मेहरबानीची याचना राहिली नसून हक्काची मागणी झाली आहे. दुसरी गोष्ट, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमान्वयें लोकांच्या सुरक्षिततेसाठीं व सोयीसाठीं एखाद्या रस्त्यावर वाहनांस बंदी किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारास व त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. अशी बंदी एका महिन्याहून अधिक काळ टिकावयाची नसेल, तर राजपत्रांत ती प्रसिद्ध करण्याचेंहि कारण नाहीं. स्थानिक जाहिरात दिली म्हणजे पुरे. तात्पर्य, एका दिवसाऐवजीं एका महिन्याचा प्रयोग करावयास नवा कायदा नको, नवें मंत्रिमंडळ नको. हवी ती केवळ इच्छा.

आतां विरुद्ध बाजूचें म्हणणें. वकिलीच्या धंद्यांत प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट ऐकून घ्यावें असें आम्हांस शिकविलें गेलें, आणि येथें तें ऐकण्याजोगें आहे. दुकानदार म्हणतात कीं, वाहन दारांत आलें नाहीं तर गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या भांडारांकडे जाईल. रहिवासी म्हणतात कीं, मुख्य रस्ता बंद झाला म्हणजे सारीं वाहनें आमच्या बोळांत शिरतील, आणि रात्रींअपरात्रीं रोग्यास न्यावयाची गाडी किंवा आगीचा बंब दारापर्यंत पोहोंचणार नाहीं. हमाल म्हणतात कीं, कापडाचे गठ्ठे आम्हीं कोठून वाहून आणावे? यांपैकीं रहिवाशांची व हमालांची तक्रार आम्हांस सर्वांत वजनदार वाटते. तिला उत्तर आहे, पण तें आधीं द्यावें लागतें, मागाहून नव्हे. माल उतरविण्यासाठीं सकाळचे ठराविक तास, रहिवाशांस परवाने, आणि रोग्याच्या गाडीस व बंबास सदैव मोकळी राहील अशी पट्टी, या तीन गोष्टी जाहीरपणें ठरविल्याशिवाय रस्त्यावर फरसबंदीचा एक दगडहि बसवूं नये.

दुकानदारांच्या भीतीविषयीं मात्र आम्ही इतकेंच म्हणूं कीं, ती भीति मोजून पाहण्याजोगी आहे, नुसती बोलून दाखविण्याजोगी नव्हे. दुकानापुढें दिवसभर उभ्या असलेल्या दुचाक्या गिऱ्हाइकांच्या किती आणि दुकानांतल्याच मंडळींच्या किती, याची एकदां मोजणी व्हावी. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉगेट नांवाचा बाजाररस्ता १९६२ च्या नोव्हेंबरांत प्रयोग म्हणून वाहनांस बंद झाला, तेव्हां तेथील व्यापाऱ्यांनींहि हाच आकांत केला होता. दोन वर्षांच्या अनुभवानंतर, १९६४ सालीं, ती बंदी कायम झाली, आणि आज तो रस्ता त्या शहराचें भूषण समजला जातो. परंतु परदेशचा दाखला दिला म्हणजे काम झालें, असें समजणाऱ्यांतले आम्ही नव्हें. आपल्याच देशांत दिल्लीच्या चांदणी चौकाचा कायापालट होऊन २०२१ च्या सप्टेंबरांत तो रस्ता सकाळीं ९ पासून रात्रीं ९ पर्यंत मोटारींस बंद झाला. पुढें अंमलबजावणी ढिली पडून वाहनें पुन्हां आंत शिरूं लागल्याच्या तक्रारी आल्या. दगड बसविण्यास कंत्राटदार पुरतो, पण नियम टिकविण्यास लोकमत लागतें, हा धडा आम्हीं डेन्मार्कहून नव्हे, दिल्लीहून घ्यावा.

वरवंडच्या शेतकऱ्याचें मत या प्रश्नांत कोणीं विचारलें आहे काय? लग्न ठरलें म्हणजे बस्ता बांधावयास आमच्याकडील कुटुंबेंच्या कुटुंबें लक्ष्मी रस्त्यावर जातात. वधूवरांचे आईबाप, आत्या, मामा, लहान पोरें अशी दहाबारा माणसें एका जीपगाडींत निघतात. पहिला तास गाडी लावावयास जागा शोधण्यांत जातो, आणि पुढचा सारा वेळ म्हातारी आई कोठें हरपेल, पोर कोणत्या चाकाखालीं जाईल या काळजींत. आम्ही स्वतः मोटारीनें कचेरींत जाणारे. म्हणून आम्हांसहि पुष्कळ काळ वाटे कीं, पुण्यास वाहनतळ वाढले म्हणजे सारें झालें. अशाच एका खरेदीच्या दिवशीं घरांतील वडील मंडळींस दुकानाच्या पायरीवर बसवून गाडी लावण्यासाठीं आम्ही दीड तास फिरलों, आणि परत आलों तेव्हां त्यांनीं खरेदीचा विचारच सोडून दिला होता. त्या दिवशीं आमचें मत बदललें. ज्या व्यापाऱ्यास आमचें गिऱ्हाईक हवें आहे, त्यानें आमच्या मोटारीपेक्षां आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांची काळजी अधिक केली पाहिजे. शिवाय आतां परिस्थितीहि पालटली आहे. ता. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा मार्ग खुला झाला आणि मंडईचें स्थानक पेठांच्या ऐन मध्यावर उघडलें. दौंडहून येणाऱ्या आगगाडीनें पुण्यास उतरावें व मेट्रोनें मंडईस जावें, हें आज शक्य आहे. अडतें तें मंडईपासून पुढच्या कांहींशें पावलांवर!

आणखी एका वर्गाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं. सुधारणेच्या नांवाखालीं गरिबास हांकलण्याची चाल आमच्याकडे फार जुनी आहे. शनिवारवाड्यासमोरील पटांगणांत भरणारा भाजीबाजार हलवून नगरपालिकेनें मंडईची भव्य इमारत बांधली व ती १८८६ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडली. त्या खर्चास विरोध करणाऱ्या सभासदांत जोतीराव फुले होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढें त्याच मंडईस त्यांचेंच नांव मिळालें, हा इतिहासाचा न्याय म्हणावा कीं विनोद, तें वाचकांनींच ठरवावें. मंडई उपयोगी ठरली हें खरें. पण 'हें कोणासाठीं आणि कोणाच्या पैशानें?' हा जोतीरावांचा प्रश्न त्यामुळें खोटा ठरत नाहीं. तुळशीबागेच्या आसपास पथारी टाकून पोट भरणाऱ्या बायांस तोच प्रश्न आज विचारावासा वाटत असेल. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वयें नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडून दिलेले असावे लागतात, आणि पाहणी पुरी होऊन दाखले मिळेपर्यंत कोणाहि विक्रेत्यास उठवितां येत नाहीं. या समितीस बाजूस सारून जो नकाशा तयार होईल, तो कितीहि सुंदर असला तरी आम्ही त्यास सुधारणा म्हणणार नाहीं.

माथेरानचें उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारें आहे. तेथें मोटारींस बंदी असल्याबद्दल आपण अभिमान बाळगतों; पण त्या निर्धूर हवेची किंमत वर्षानुवर्षें कोणीं दिली? माणसांस बसवून चढावर हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनीं! सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टांत ही प्रथा माणुसकीस सोडून असल्याचें सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याची व त्या लोकांस विजेच्या रिक्षांच्या द्वारें उपजीविका देण्याची आज्ञा केली. वाहन गेलें म्हणजे ओझें नाहींसें होतें असें नाहीं; तें कोणाच्या तरी खांद्यावर जातें. तें कोणाच्या खांद्यावर जाणार, हें आधीं पाहणें हाच खऱ्या सुधारकाचा धर्म होय.

अखेरीस आमच्या वेशीकडे वळूं. देशांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं, असें केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. म्हणजे मरणाऱ्या पांच माणसांत जवळजवळ एक असा, कीं ज्याच्यापाशीं धडक देण्याजोगें कांहींच नव्हतें. महामार्ग रुंद झाला, वेग वाढला, पुण्यास जावयास वेळ कमी लागूं लागला; हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें घर रस्त्याच्या अलीकडे आणि शेत, शाळा किंवा दवाखाना पलीकडे, त्याच्या दृष्टीनें रस्ता रुंद होणें म्हणजे गांव दुभंगणें होय. गळिताच्या हंगामांत उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रस्त्यानें जात असतां दप्तर पाठीस लावलेलें पोर कडेस कसें उभें असतें, हें एकदां संध्याकाळीं जाऊन पाहावें. लक्ष्मी रस्त्यावर जो प्रश्न सोयीचा आहे, तो येथें जीवनमरणाचा आहे. तत्त्व मात्र दोहींकडे एकच.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पुणें महानगरपालिकेनें डिसेंबरांतील एका दिवसावर समाधान न मानतां लक्ष्मी रस्त्यावर पुऱ्या एका महिन्याचा प्रयोग करावा. त्याआधीं व त्यानंतर विक्री, गर्दी, धूर आणि बोळांतील वाहतूक यांची मोजणी करून आंकडे लोकांपुढें ठेवावे. व निर्णय व्यापारी, रहिवासी, हमाल व पथारीवाले या चौघांस एका बैठकींत घेऊन करावा. आणि वरवंडसह महामार्गावरील प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करून, शाळा आणि एस. टी. चा थांबा जेथें आहे तेथें सुरक्षित ओलांडणी, दिवे व कडेस सलग पायवाट यांची मागणी महामार्गाच्या अधिकाऱ्यांकडे लेखी करावी. तोंडी गाऱ्हाण्यास पोंच मिळत नाहीं. ठरावास द्यावी लागते, आणि प्रसंग पडल्यास तोच ठराव न्यायालयांत पुरावा म्हणून उभा राहतो.

स्वराज्याची परीक्षा विधिमंडळांत होते तशीच ती रस्त्यावरहि होते. ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं, त्याच्यापाशीं निदान दोन पाय असतात. त्या दोन पायांस निर्भयपणें टेकण्यापुरती जमीन सार्वजनिक रस्त्यावर उरली नसेल, तर तो रस्ता सार्वजनिक कसला? पुढच्या आषाढींत पालखी पुन्हां लक्ष्मी रस्त्यावरून निघेल आणि पुन्हां वरवंडास मुक्कामास येईल. आपण पुन्हां वारकऱ्यांच्या पायां पडूं. त्या पायांस वर्षाचे इतर दिवसहि वाट करून द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.