मनाचे आजार आणि बुडणारी रोजंदारी

ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतात वेड्यांची दोन सरकारी इस्पितळे होती. एक नागपूरला, दुसरे जबलपूरला. पैकी १८६४ साली सुरू झालेले नागपूरचे इस्पितळ आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे. जबलपूरचे इतिहासजमा झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि नव्या राज्याच्या वाट्याला आली ती ग्वाल्हेर व इंदूर येथील, म्हणजे शिंदे-होळकरांच्या जुन्या राजधान्यांतील मनोरुग्णालये. महाकोशलच्या कष्टकऱ्याला ही दोन्ही शहरे शेकडो किलोमीटर दूर आहेत.

अर्थात आज जबलपूरला उपचारांची काहीच सोय नाही, असे म्हणता येणार नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतून 'मन कक्ष' उघडण्यात आले. प्रश्न एवढाच, की घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला किंवा बांधकामावरील मजुराला ही दारे महिन्यामागून महिने गाठता येतात काय?

येथे अर्थशास्त्राचा साधा हिशेब मांडला पाहिजे. केसपेपर फुकट, गोळ्याही फुकट; पण रुग्णाची एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत आलेल्या नातलगाचीही बुडते, वर प्रवासखर्च. हिवतापाचा उपचार काही दिवसांत आटोपतो. छिन्नमनस्कतेसारख्या किंवा तीव्र नैराश्याच्या आजारात औषध महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. रोजंदारीवर जगणारे कुटुंब दोन-तीन फेऱ्यांनंतर थकते. रुग्णाने उपचार अर्ध्यावर सोडले अशी नोंद होते आणि दोष त्याच्या अज्ञानावर ढकलला जातो. वास्तविक त्याने उपचार सोडलेले नसतात. मजुरीने त्याला तेथून ओढून नेलेले असते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होते; आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४२,००४ जण रोजंदारी मजूर होते. राज्यांच्या क्रमवारीत मध्य प्रदेश त्या वर्षी महाराष्ट्र व तामिळनाडूच्या पाठोपाठ तिसरा होता. या आकड्यांवर अधिक भाष्याची गरज नाही.

उपाय अज्ञात आहे असेही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीच स्वीकारला गेला. त्यानंतर कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साध्या डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देऊन आवश्यक औषधे तेथेच मिळण्याची व्यवस्था करण्यात आली. याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभारण्यात आला. खुद्द मध्य प्रदेशाला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला होता. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर पीडितांच्या मानसिक आघातावर उपचार करण्यासाठी लखनौहून तज्ज्ञ बोलवावे लागले आणि सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना या कामासाठी तयार करावे लागले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर उपचार हा हक्कच केला. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ शिधापत्रिका किंवा अन्य दाखला नसला तरीही, मोफत उपचार मिळाले पाहिजेत. सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी आरोग्यसंस्थांत आवश्यक औषधे सदैव मोफत उपलब्ध असली पाहिजेत, असे त्याचे अठरावे कलम सांगते. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे?

कारण आपल्या चळवळीतही या प्रश्नाविषयी एक अनास्था आहे. काही साथी म्हणतात की, मनाचे हे आजार शोषणातून, बेकारीतून, कर्जातून उद्भवतात. मूळ कारण दूर करा, आजार आपोआप जातील. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि थकलेल्या मजुरीवर किंवा सावकाराच्या तगाद्यावर गोळी हा उतारा होऊ शकत नाही, हेही खरे. परंतु क्षयरोगही दारिद्र्यातूनच फोफावतो. म्हणून कामगार संघटनांनी क्षयाच्या औषधाची मागणी कधी सोडली नाही. शिवाय प्रत्येक मानसिक आजार परिस्थितीतूनच जन्मतो असेही नाही. शरीराच्या, आनुवंशिकतेच्याही बाजू त्याला आहेत. समाज बदलेपर्यंत आजारी माणसाने वाट पाहावी, असे म्हणणे म्हणजे त्याला भगत-मांत्रिकाच्या आणि साखळदंडाच्या हवाली करणे होय. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, हे विसरता कामा नये.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेचे विभागीय कार्यालय जबलपूरलाच आहे आणि विडी कामगारांसाठी तिचे दवाखाने आहेत. तेथे ठरलेल्या दिवशी मानसोपचाराची सोय व औषधे का असू नयेत? शहरी वस्त्यांतील संजीवनी दवाखान्यांतून, मजूर कामावरून परततो त्या सायंकाळच्या वेळी, ही सेवा मिळाली पाहिजे. एकदा निदान झाले की पुढील गोळ्या वस्तीजवळच मिळाव्यात. घरोघर जाऊन रुग्णाची विचारपूस करण्याचे काम आशा सेविकेवर सोपवायचे असेल, तर त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा मोबदलाही तिला मिळाला पाहिजे; एका श्रमिक स्त्रीच्या फुकट श्रमावर दुसऱ्या श्रमिकाचे आरोग्य उभारता येत नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असलेली टेलिमानस सेवा उपयुक्त आहे आणि तिची माहिती प्रत्येक वस्तीत पोहोचवली पाहिजे. मात्र फोनवरून धीर मिळतो, गोळ्यांची पुडी मिळत नाही.

संघटनांच्या मागणीपत्रकात पगार, बोनस, निवृत्तिवेतन यांच्या जोडीला हे कलम आता आले पाहिजे. आपल्या शाखेच्या क्षेत्रातील आरोग्य केंद्रात मानसिक आजारांची औषधे आज शिल्लक आहेत की नाहीत, एवढे तरी प्रत्येक शाखेने जाऊन विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर कायद्याचे अठरावे कलम हाती आहेच.