तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिलेला नाही. काँग्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील विधिमंडळाला तो पहिल्याच अनुच्छेदात दिलेला आहे. असे असूनही 22 जून 2025 रोजी अमेरिकन विमानांनी इराणमधील फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हा काँग्रेसची अनुमती घेण्यात आलेली नव्हती. पाच दिवसांनी, काँग्रेसच्या संमतीवाचून इराणविरुद्ध लढाई चालू ठेवता येणार नाही असा ठराव सिनेटपुढे आला आणि 47 विरुद्ध 53 मतांनी तो पडला. हा पराभव शोचनीय आहेच. परंतु ठराव संमत झाला असता तरी राष्ट्राध्यक्षाचे हात बांधले गेले असते काय, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

अमेरिकेने शेवटचे रीतसर युद्ध पुकारले ते जून 1942 मध्ये. त्यानंतर कोरियात, व्हिएतनाममध्ये, इराकमध्ये आणि अफगाणिस्तानात रक्ताचे पाट वाहिले. पण त्यांपैकी एकही युद्ध घटनेच्या भाषेत ‘पुकारलेले’ नव्हते. व्हिएतनामच्या बाबतीत ऑगस्ट 1964 मध्ये टोंकिनच्या आखातातील एका कथित हल्ल्याचे निमित्त करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कोरा धनादेश मागितला. प्रतिनिधिगृहाने तो 416 विरुद्ध 0, तर सिनेटने 88 विरुद्ध 2 मतांनी दिला. 4 ऑगस्टचा तो हल्ला झालाच नव्हता हे पुढे उघड झाले. तोवर 58,000 हून अधिक अमेरिकन तरुण आणि लक्षावधी व्हिएतनामी शेतकरी, स्त्रिया व मुले प्राणांस मुकली होती. विशेष म्हणजे तो ठराव जानेवारी 1971 मध्ये रद्द झाला, तरी युद्ध थांबले नाही.

या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने नोव्हेंबर 1973 मध्ये, निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून, युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवल्यास 48 तासांत काँग्रेसला कळवावे, 60 दिवसांत तिची मान्यता न मिळाल्यास सैन्य मागे घ्यावे, आणि दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केल्यास त्याआधीही परतावे, अशी त्याची रचना होती. तिच्यातील तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा खांब 1983 साली कोसळला. भारतीय वंशाच्या एका तरुणाच्या हद्दपारीच्या प्रकरणात, म्हणजे युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या खटल्यात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, राष्ट्राध्यक्षाच्या स्वाक्षरीसाठी न जाणाऱ्या ठरावाला कायद्याचे बळ असू शकत नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षाचे युद्ध थांबवणारा ठराव राष्ट्राध्यक्षापुढेच मंजुरीसाठी ठेवायचा! त्याने तो नाकारला की दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. 2019 साली हे गणित प्रत्यक्षात दिसले. येमेनमधील सौदी अरेबियाच्या युद्धात अमेरिकेचा सहभाग थांबवणारा ठराव दोन्ही सभागृहांनी बहुमताने केला. ट्रम्प यांनी तो नाकारला. सिनेटमध्ये त्यांच्याविरुद्ध 53 आणि बाजूने 45 मते पडली, आणि बहुमत असूनही काँग्रेस हरली. घटनाकारांना युद्ध सुरू करण्यासाठी बहुमत हवे होते. आता ते चालू ठेवण्यासाठी शंभरांतील 34 सिनेटर पुरेसे आहेत.

हा एका पक्षाचा दोष समजणे भाबडेपणाचे होईल. 2011 साली लिबियावर बाँबफेक चालू असताना 60 दिवसांची मुदत उलटली, तेव्हा ओबामा यांच्या प्रशासनाने असा युक्तिवाद केला की, ही कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’च नव्हे.

विधिमंडळाचा खरा अधिकार नकाराच्या ठरावात नसून खर्चाच्या मंजुरीत असतो. ठराव करण्यासाठी विरोधकांना बहुमत जमवावे लागते, पैशासाठी मात्र सरकारलाच दारात यावे लागते. 1973 च्या जूनमध्ये कंबोडियावरील बाँबवर्षावाचा निधी तोडणारे विधेयक निक्सन यांनी परत पाठवले. परंतु आर्थिक वर्ष 30 जूनला संपत होते आणि पैशाची तरतूद झाल्याखेरीज सरकारचा गाडा हलणार नव्हता. अखेर त्यांना तडजोड पत्करावी लागली, आणि 15 ऑगस्ट 1973 रोजी (आपल्या स्वातंत्र्यदिनीच, हा योगायोग) कंबोडियावरील बाँबफेक थांबली. जे शेकडो भाषणांनी साधले नव्हते ते हिशेबाच्या एका कलमाने साधले.

म्हणूनच त्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांनी युद्धाचे बिल जनतेच्या नजरेआड ठेवण्याची दक्षता घेतली. कोरियाच्या युद्धासाठी ट्रूमन यांनी कर वाढवले होते. व्हिएतनामसाठी 1968 मध्ये प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार बसला होता. इराक आणि अफगाणिस्तानच्या वेळी मात्र 2001 व 2003 मध्ये कर चक्क कमी करण्यात आले, त्यांचा मोठा लाभ धनिकांना झाला, आणि युद्धाचा खर्च वर्षानुवर्षे नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेरील तातडीच्या पुरवणी मागण्यांतून कर्जाने भागवला गेला. कर्जरोखे घेणाऱ्याला व्याज मिळते, शस्त्रांच्या कारखानदाराला ठेके मिळतात. सक्तीची सैन्यभरती 1973 सालीच बंद झाल्यामुळे प्रतिष्ठितांच्या घरातील मुलाला रणांगणाची धास्ती उरलेली नाही. करही नाही आणि मुलगाही जात नाही, अशा युद्धाविरुद्ध मतदारसंघ उठेल कसा, आणि प्रतिनिधीला जाब विचारणार कोण?

डिसेंबर 2025 मध्ये काँग्रेसने 1991 व 2002 च्या इराकविषयक जुन्या अनुमती रद्द केल्या, हे उशिरा का होईना योग्य झाले. परंतु सप्टेंबर 2001 च्या अनुमतीला तेव्हा हात लागला नाही. प्रतिनिधिगृहात बार्बरा ली या एकट्या सभासदाने तिला विरोध केला होता. त्या एका मताचा दूरदर्शीपणा पुढे येमेनपासून सोमालियापर्यंत पटत गेला. स्वदेशावर आक्रमण झाल्यास सरकारने मतदानाची वाट पाहावी असे कोणी म्हणत नाही. परदेशात जाऊन लढायचे असेल तर आधी संमती, तिला मुदत, आणि संमती नसेल तर आपोआप निधी बंद, एवढीच मागणी आहे.

पश्चिम आशियातील प्रत्येक युद्धाची झळ आपल्यालाही लागते. 1990 मध्ये कुवेतच्या संकटाने तेल भडकले, लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि कोकणातील कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. पुढच्याच वर्षी देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्या आर्थिक अरिष्टाला अन्य कारणे होती, तरी हेही एक होते.

मग आपल्या संसदेचे काय? 1987 मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली. सुमारे 1,200 जवान परतले नाहीत. संसदेची पूर्वसंमती घेतलेली नव्हती, कारण आपल्या घटनेनुसार ती लागतच नाही. जानेवारी 1991 मध्ये आखाताकडे निघालेल्या अमेरिकन लष्करी विमानांना मुंबई, मद्रास व आग्रा येथे इंधन दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान समाजवादी चळवळीतूनच आलेले चंद्रशेखर होते, हे आपण विसरू नये. 8 एप्रिल 2003 रोजी लोकसभेने इराकवरील आक्रमणाचा निषेध केला आणि 14 जुलैला तेथे भारतीय सैन्य न पाठवण्याचे ठरले. निर्णय स्वागतार्ह होता. पण तो मंत्रिमंडळाच्या समितीने घेतला होता, संसदेने नव्हे. उलटा निर्णय घेण्यासही ती समिती तितकीच मुखत्यार होती.

1991 मध्ये ज्या इंधनावरून देशभर गदारोळ झाला, त्याच प्रकारच्या सोयीसाठी ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेशी कायमचा करार झाला. प्रत्येक प्रसंगी मान्यता देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार भारताने राखून ठेवला आहे, असे सरकार सांगते. तो अधिकार कार्यपालिकेपाशी आहे, संसदेपाशी नाही. घटनेच्या 53 व्या अनुच्छेदानुसार संरक्षणदलांच्या सर्वोच्च अधिपत्याचा वापर कायद्याने नियमित करावयाचा असतो, आणि युद्ध व शांतता हा विषय केंद्रसूचीत आहे. तेव्हा परदेशी सैन्य पाठवण्यास आणि परक्यांच्या युद्धाला इंधन पुरवण्यास संसदेची पूर्वसंमती आवश्यक करणारे विधेयक मांडण्यास समाजवादी खासदारांना घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागणार नाही. ते खासगी विधेयक म्हणून येत्या अधिवेशनातही मांडता येईल.