तेराव्या हाताचा हिशोब

भाचीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मामा, सगळं बरोबर आहे, तरी जज रॉंग ॲन्सरच म्हणतोय." कोडशेफ या प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावरचा नवशिक्यांचा जुना प्रश्न, 'स्मॉल फॅक्टोरियल्स': 1 ते 100 मधली संख्या मिळेल, तिचं क्रमगुणित (1 पासून तिच्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, खूण '!') छापा. नावातला 'स्मॉल' हा निव्वळ खवचटपणा.

तिचा प्रोग्रॅम सी भाषेतला, पाच-सहा ओळींचा. 12! विचारलं तर 47,90,01,600 आलं. बरोबर. 13! विचारलं तर 1,93,20,53,504. आकडा आधीच्यापेक्षा मोठा, भारदस्त, संशय येऊ नये असा.

"शेवटी काय आहे?"

"चार."

12! च्या शेवटी दोन शून्यं होती. त्याला 13 नं गुणल्यावर ती गेली कुठे? खरं उत्तर 6,22,70,20,800. तिनं वापरलेल्या 'इंट' या 32 बिटांच्या पूर्णांकात 2,14,74,83,647 च्या पुढे जागाच नाही, म्हणून बहुतेक मशीनवर होतं तेच झालं: 4,29,49,67,296 चा एक पूर्ण फेरा गळून गेला आणि उरलेलं उत्तर म्हणून समोर आलं. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला 70! विचारा, तो सरळ 'मॅथ एरर' म्हणून हात वर करतो. सी हूं की चूं करत नाही. माझा राग आहे तो या गप्प बसण्यावर.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दहा हातांच्या शंभूला दहा आयुधं दिली आणि अदलाबदल करून किती रूपं होतील ते विचारलं. उत्तर 10!, म्हणजे 36,28,800. शंभूला आणखी तीन हात असते तर भाचीचा इंट तिथेच फुटला असता. (64 बिटांचा 'लाँग लाँग' घेतला तरी सुटका विसाव्या हातापर्यंतच.)

पुढे तर गंमतच आहे. इंटमध्ये 17! ऋण येतं आणि 34! पासून निखळ शून्य. दशमान पद्धतीत शेवटची शून्यं 2 आणि 5 च्या जोड्यांतून येतात. पाच कमी असतात, म्हणून तेवढेच मोजायचे: 100! साठी 20 अधिक 4, म्हणजे 24 शून्यं, एकही गुणाकार न करता. मशीन मोजतं दोनाच्या पटीत, तिथे शून्य आणायला एकटा 2 पुरतो. 34! मध्ये 2 बरोबर बत्तीसदा येतो, म्हणून बत्तीसच्या बत्तीस बिटं शून्य.

"पायथॉनमध्ये एका ओळीत होतं की," ती म्हणाली. होतं. नोकरीत तेच करावं. पण शिकताना मी ते करू देत नाही, कारण पायथॉन जे पोटात घालतो ते तिसरीतलंच आहे: हातचा.

एका खोक्यात एक अंक, एकक सगळ्यात आधी. 24 म्हणजे 4, 2. पाचानं गुणा: पाच चोक वीस, शून्य लिहा, हातचे दोन, दोन पंचे दहा नि दोन बारा, दोन लिहा, हातचा एक, त्याला नवं खोकं. 0, 2, 1. उलटं वाचा, 120. शाळेत गुणक एकेक अंकानं घेतो, इथे 73 नं एकदम गुणतो, म्हणून हातचा दोन अंकी होऊ शकतो. शेवटी उरलेला हातचा लोक एकाच खोक्यात कोंबतात आणि पुढचं सगळं बिघडतं. तो संपेपर्यंत एकेक अंक काढून पुढच्या खोक्यांत टाकत जायचं. भाचीही तिथेच अडली होती. मी सांगितलं नाही. तासाभरानं तिला सापडलं.

100! चे 158 अंक पडद्यावर आले. मग हट्टानं तिनं पायथॉनला 2000! छापायला सांगितलं. पायथॉननं नकार दिला! 3.11 या आवृत्तीपासून तो मूळ सेटिंगमध्ये 4,300 पेक्षा जास्त अंकांची पूर्णांक संख्या दशमानात छापत नाही, कारण असल्या रूपांतराला इतका वेळ लागतो की मुद्दाम अवाढव्य संख्या पाठवून कुणी सर्व्हर ठप्प करू शकतं. मर्यादा वाढवता येते, पण निदान तो बोलतो तरी.

तिनं खोकी वाढवली आणि आपलाच प्रोग्रॅम चालवला. 5,736 अंक. मी चहा टाकायला उठलो तेव्हा ती शेपटाकडून शून्यं मोजत होती. चारशे नव्याण्णव यायला हवीत.